मी लाजाळू नाही, याबद्दल

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. दादाला सांगा, मी पाठवलेला चष्मा वाचण्यासाठी आहे. तो कपाळावर चढवून दिवसभर घरात शोधण्यासाठी नाही. इकडे माझी प्रकृती उत्तम. भूक लागते, झोप लागते, सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. तुमच्या पत्रातलं 'भाऊजी, तुम्ही जन्मजात लाजाळू' हे वाक्य सोडलं तर मनाला कसलाही त्रास नाही. त्या वाक्यासाठीच हे पत्र.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी एका चष्म्याचा स्क्रू मुद्दाम सैल ठेवला. (वाचून तुम्ही खुर्चीत सरसावून बसला असाल, म्हणून सांगतो, अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच.) तुम्हाला माहीत आहे, दुकानाच्या पुढच्या भागात मालक बोलतात आणि पडद्यामागे मी काचा घासतो. ही वाटणी दोघांनाही मानवलेली आहे. त्याआधी चार दिवस एक बाई चष्मा करायला आल्या होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत इंग्रजी शिकवतात, माझ्याच वयाच्या, एकट्या राहतात. पडदा हललेला पाहून मालकांनी माझी ओळख करून दिली, ती अशी: "आमचे कारागीर फार शाय आहेत हो. गिऱ्हाईक दिसलं की कासवासारखे आत!" त्यावर बाई म्हणाल्या, "शाय कशावरून? रिझर्व्हड असतील. दोन्हीत फरक आहे." एवढं बोलून त्या फ्रेम पसंत करून निघून गेल्या. मी मात्र हातात काच धरून तसाच उभा राहिलो.

वहिनी, माझ्या बाबतीत आजवर कोणी फरक करून पाहिलाच नव्हता. आपल्या गावच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर 'शाय म्हणजे लाजाळू' असं लिहिलं, माझ्याकडे बोट दाखवलं, वर्ग हसला आणि फळा पुसला गेला. माझ्यावरचं पुसायचं मात्र राहूनच गेलं. आमच्या धंद्यात पाव नंबर चुकला तरी माणसाचं डोकं दुखतं. मी तर चुकीच्या नंबरातून स्वतःकडे बघत पन्नाशीला आलो! तेव्हा फरक विचारणं भागच होतं. पण पडद्याआडून काही कारण नसताना बाहेर कसं यायचं? कारण तयार करावं लागलं. बाईंच्या चष्म्याच्या काडीच्या बिजागरीचा स्क्रू पाव फेरा कमी पिळला आणि देवाला म्हटलं, हे पोटात घाल.

आठवड्याच्या आत बाई काडी हातात घेऊन हजर. नेमके मालक जेवायला गेलेले. (नेमके म्हणजे, शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळी मीच त्यांना रोज आग्रहाने पाठवत होतो.) मी स्क्रूकडे बघत विचारलं आणि बाई स्टुलावर बसल्या. शिक्षकांना फरक विचारावा, ते बसतातच. म्हणाल्या, "समजा, तुम्ही कुणाकडे जेवायला गेलात आणि पोटात भूक आहे. आणखी वाढू का, असं विचारल्यावर जो भूक असूनही नको म्हणतो, तो शाय. लाल होऊन मान खाली घालून घेतो, तो बॅशफुल. यजमान रागावतील या भीतीने मागतच नाही, तो टिमिड. आणि रिझर्व्हड माणूस हवं तेवढं मागून घेतो, नीट जेवतो, पण आवडलं की नाही ते सांगत नाही. तो घाबरलेला नसतो. त्याला काय वाटतं ते त्याच्यापाशी असतं, इतकंच."

मला तर डोळ्यांवरची जुनी काच कुणीतरी पुसून दिल्यासारखं झालं. मी रिझर्व्हड! तुमच्याकडे इतकी वर्षं जेवलो आणि कधी चव सांगितली नाही, यावर तुम्ही जे रुसत आलात, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. (चव उत्तम असते. आता सांगून टाकतो.) त्या आनंदात मी स्क्रू पुन्हा पाव फेरा कमी पिळला.

दुसऱ्या खेपेला डिफिडंट कळला. वाढणारी समोर उभी आहे, पण आपण कोण मोठे लागून गेलो की आपल्यासाठी पुन्हा पातेलं उघडावं, असं ज्याला वाटतं, तो. भित्रा नाही, त्याचा स्वतःवर भरवसा नाही. त्या खेपेला बाईही थोडं स्वतःविषयी बोलल्या. वर्गात तोफखाना, पण शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची. कोणी हाक मारली तरच बोलतात. मी त्यांना सांगितलं की ती खुर्ची म्हणजेही डिफिडंट पडदाच, आमच्या दुकानातल्यासारखा. त्या हसल्या. तिसऱ्या खेपेला मात्र स्टुलावर बसल्या नाहीत. काडी माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "एक शब्द राहिलाय. कॉय. नको नको म्हणतो, पण ताट पुढे सरकवतो, तो. म्हणजे आग्रह व्हावा म्हणून केलेलं लाजणं. स्क्रू सैल ठेवणाऱ्या कारागिरालाही चालेल." माझी मान खाली गेली आणि कान तापले. म्हणजे घटकाभर बॅशफुलही झालो. एका महिन्यात एवढे शब्द अंगी लागलेला विद्यार्थी बाईंना दुसरा मिळाला नसेल. त्या दिवशी स्क्रू पूर्ण पिळला, वर चिकटद्रव्याचा थेंबही टाकला.

आता तुमच्या पत्राकडे येतो. मालकांनी फोनवर तुम्हाला सगळं सांगितलं (तोंड आहे की उघडी खिडकी!) आणि तुम्ही रविवारी येऊन माझ्या वतीने बाईंशी बोलायचं ठरवलंत. वहिनी, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण मागच्या वेळी तुम्ही मुलीच्या वडिलांना म्हणालात, "आमचे भाऊजी तोंडच उघडत नाहीत, त्यामुळे भांडण होण्याचा प्रश्नच नाही." त्यांनी मी मुका आहे का ते तपासायला माणूस पाठवला होता. तेव्हा तुम्ही बोलायला येऊ नका. त्याची गरजही उरलेली नाही. काल मी बाईंना स्वतः, समोर उभं राहून, स्पष्ट शब्दांत लग्नाचं विचारलं आहे.

दादाला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धाकटा

ता. क. – पत्र बंद करण्याआधी वाचून पाहिलं. सहीच्या वरचं, लग्नाचं विचारल्याचं वाक्य खोटं आहे. मी काल काहीही विचारलेलं नाही. काल दिवसभर काचा घासल्या. वाक्य खोडावं तर पत्र घाण दिसतं, आणि सकाळी देवापुढे बसून दुपारी खोटं टपालात टाकणं मला जमणार नाही. तेव्हा एकच मार्ग उरतो. पत्र खिशात घालून शाळेत निघालो आहे. हातात चष्मा नाही, फ्रेम नाही, काही कारण नाही.

दुसरा ता. क. – जाऊन आलो. फाटकावर शिपायाने अडवलं. काय काम? म्हटलं, इंग्रजीच्या बाईंशी बोलायचंय. कशाबद्दल? कारण आणलेलंच नव्हतं, म्हणून खरं सांगावं लागलं: लग्नाबद्दल. "मुलीच्या?" "माझ्या." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, स्वतःची खुर्ची दिली आणि "म्हणजे चष्म्याच्या दुकानातले तुम्हीच का?" म्हणाला. मग अभिमानाने सांगितलं की दुकानातल्या पहिल्या दुरुस्तीनंतर लगेच बाईंचा स्क्रू त्याने असा घट्ट करून दिला होता की वर्षभर हलायचा नाही. वहिनी, त्यानंतर दोनदा बाई सैल काडी घेऊन दुकानात आल्या आहेत. हे कळल्यावर मी खुर्चीवरून उठलो. बाई व्हरांड्यातून येत होत्या, मागे अख्खी शिक्षकांची खोली दारात जमलेली. मी पायांकडे पाहिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. बाई लाल झाल्या (बॅशफुल, आता मलाही ओळखता येतं) आणि म्हणाल्या, हो, पण आधी तुमच्या वहिनींना भेटायचंय.

तेव्हा खरी विनंती ही, की रविवारी याच. बोलायला नको, भेटायला या. वरचं वाक्य खोडलेलं नाही. त्यात फक्त 'काल'च्या जागी 'आज' वाचा. पत्र आत्ता पेटीत टाकतो आहे.