तिसऱ्या फेरीआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त बालरोगतज्ज्ञ. हृदय थकलं आहे, डोकं शाबूत आहे. कुणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने हे लिहून ठेवतो.

१. राहतं घर मुलाला. गच्चीच्या दाराची कडी तो वीस वर्षं 'उद्या' बसवतो आहे. ताबा घेण्याआधी ती बसवावी.

२. स्टेथोस्कोप, बाळांचा वजनकाटा आणि पुस्तकांचं कपाट सुनेला. ती डॉक्टर नाही, संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ आहे. तरीही तिलाच, आणि कारण नोंदवून ठेवतो.

कमी वजनाच्या बाळांना घरी कधी सोडावं, यावर तिच्या केंद्राला तज्ज्ञांचं एकमत काढायचं होतं. मी बारा डॉक्टर निवडले. नऊ जणांनी माझीच री ओढली: ठरलेलं वजन भरलं की सोडा. पंचाहत्तर टक्के, म्हणजे नियमाप्रमाणे काठावर का होईना, एकमत! मी खूश. सून म्हणाली, "बाबा, यातल्या एकानं मत बदललं तरी सगळं मोडतं. आणि हे नऊही तुमचेच विद्यार्थी. म्हणजे तुमचं एकच मत नऊ वेळा मोजलंय."

पंधरा दिवस मी वर्तमानपत्राआडून जेवलो. तेवढ्यात तिने पंचेचाळीस जण गोळा केले: लहान गावांतले डॉक्टर, वॉर्डातल्या नर्स, आणि त्यांच्यात एक म्हणून मी. प्रश्न तेच, फेऱ्या तीन; प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांची उत्तरं निनावी दाखवून पुन्हा मत विचारायचं. नर्सनी लिहिलं ते माझ्या बारांपैकी एकालाही सुचलं नव्हतं: वजन राहू द्या, बाळ नीट दूध ओढतं का ते आधी बघा. माझं मत साफ हरलं. इतकं चोख काम मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. तिला तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून इथे.

३. तिच्या केंद्रातल्या विभागप्रमुखांना, म्हणजे आमच्या घाईसाहेबांना, काहीही नाही. "दहा जण पुरेत, उरका" हे त्यांचं वाक्य त्यांच्यापाशीच राहावं.

४. तिसरी फेरी बाकी आहे. शेवटी किमान तीस उत्तरं हवीत. आज एकतीस जण टिकून आहेत, त्यातला एक मी. मी आधी गेलो तर आदरापोटी माझं जुनं उत्तर कुणी भरू नये. मुलाने तसा आग्रह धरू नये. मला गळालेल्यांत धरावं.

तीसच हवेत तर पंचेचाळीस कशाला, असं मी तिला विचारलं होतं. माझा तपासणीचा अहवाल त्याच सकाळी आला होता. फायली लावता लावता ती म्हणाली, "काही जण मध्येच सोडून जातात, बाबा. तेवढे धरूनच चालावं लागतं." मग लावून झालेल्या फायली तिने पुन्हा पहिल्यापासून लावल्या.

आमच्यासमोर, मजकूर मोठ्याने वाचून सही केली:
साक्षीदार १: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई (सही)

लिहून ठेवणार: (सही)
ठिकाण: राहत्या घरी, मागची खोली
दि. ९ मार्च २०२६