दगडावर रांगणारी पिकअप

रविवार, १० जानेवारी १९५४

शी. हात तीनदा धुतले — आधी रॉकेलने, मग राखेने, मग साबणाने — तरी वास जात नाही. जेवताना भातालाही तोच वास. वसुधा म्हणाली, "मेलेल्या जनावरात हात घालून आलात की काय?" जवळजवळ तसंच.

जयवंतने गाडी घेतली आहे. माणिकताईचा नवरा म्हणून तोंडावर 'भावोजी' म्हणायचं, 'अहो' म्हणायचं. या वहीत तेवढी सक्ती नाही. गाडी म्हणजे डिस्पोजलमधली, लढाईतून उरलेली अमेरिकन पिकअप. मुलुंडला टेकडीच्या पायथ्याशी त्याचा गोठा आहे. म्हशी विकून झाल्या, आता तिथे हे जनावर. बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार. पाच पिल्लं, उघडीनागडी, गुलाबी. वायरी कुरतडलेल्या. मागच्या हौद्यात कोंबड्यांची घाण बोटभर, आणि तिच्याखालचा पत्रा बोट लावलं की बिस्किटासारखा तुटतो.

"मधू, हिला डोंगरावर चढवायची," जयवंत म्हणाला. पान थुंकला ते नेमकं माझ्या पान्याशेजारी.

"कुठल्या डोंगरावर?"

"वरच्या खाणीवर. रस्ता नाही. कोरडा नाला आहे, नुसते धोंडे. तिथला दगड खाली आणायचं काम मिळतंय. तू विक्रोळीच्या कारखान्यातला फिटर, तुझ्या हाताला काय अवघड आहे?"

मी म्हटलं, जमणार नाही. घाटकोपरला परत आलो. विषय संपला.

रविवार, १७ जानेवारी

पुन्हा गेलो. स्वतःचाच राग येतो आहे.

माणिकताईने चिठ्ठी पाठवली होती — 'मधू, ह्यांना कुठे तरी नीट काम लागतंय, तू हात लावलास तर होईल.' दहा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. लढाईवरून परतल्यापासून जयवंतने पाच धंदे केले आणि पाच बुडवले. तिने प्रत्येक वेळी हेच म्हटलं, आता नीट होईल.

गेलो, आणि तिथे घोटाळा झाला. गिअरबॉक्सचं झाकण काढलं. वरून सगळं गंजलेलं, कुजलेलं, आणि आत तेलात दाते काल घडवल्यासारखे चकचकीत. चारही चाकांना जोर देणारी गाडी मी आजवर आतून पाहिली नव्हती. किती वेळ बघत बसलो कोण जाणे. जयवंत बाजूला उभा राहून दात कोरत होता. त्याला कळलं, मी अडकलो. हसला. ते हसू मला बिलकुल आवडलं नाही.

मंगळवार, २६ जानेवारी

सुट्टी. कारखान्यात झेंडावंदन करून थेट मुलुंड. दिवसभर गाडीखाली आडवा. डोळ्यात गंज, तोंडात ग्रीस.

रविवार, ३१ जानेवारी

या माणसाची कामाची पद्धत बघून शिसारी येते. पेट्रोलची नळी त्याने सुतळीने बांधली होती. सुतळीने! मी म्हटलं, "भावोजी, पेट घेतला तर?" म्हणाला, "ब्रह्मदेशात आम्ही चपलेच्या अंगठ्याने बांधायचो." प्रत्येक गोष्टीला ब्रह्मदेश. त्याची नळी उपटून टाकली, तांब्याची घातली.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी, मनाविरुद्ध. गाडी दगडावर चढवण्याबद्दल तो बोलतो ते खरं बोलतो. म्हणाला, "दगडावर गाडी पळवायची नसते, मधू, रांगवायची असते. मूल बघ. एक हात टेकला, भरवसा आला, मग दुसरा गुडघा. जोर लावलास की घसरलास." मग म्हणाला, एक चाक हवेत गेलं की इंजिनाचा सगळा जोर त्या रिकाम्या चाकाकडे पळतो आणि जमिनीवरचं चाक स्वस्थ बसतं, म्हणून दोन्ही चाकं एकमेकांना जखडून टाक. बरोबर आहे. मला हे सुचायला हवं होतं. त्याच्या तोंडून ऐकावं लागलं याचाच जास्त संताप.

रविवार, १४ फेब्रुवारी

मागच्या डिफरन्शियलमधले दाते वेल्ड करून टाकले. आता दोन्ही मागची चाकं फिरतील ती बरोबरच. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीला दोन पोलादी पाटे जादा घातले, गाडी साडेतीन इंच उचलली गेली. इंजिनाच्या पोटाखाली पाव इंची पत्रा — धोंड्यावर बसली तरी तेलाची टाकी फुटायची नाही. बंपर दोन्ही टोकांना सहा-सहा इंच कापला, म्हणजे कड अडकणार नाही.

काम चांगलं झालं आहे. माझं काम. तो त्यावर हात फिरवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "बघा, काय केलंय आम्ही." आम्ही!

वसुधा बोलत नाही. सलग सहावा रविवार.

रविवार, २१ फेब्रुवारी

आज चढवली.

जयवंत स्टिअरिंगवर, मी पुढे उलटा चालत, हाताने खुणा करत. डावीकडे. थोडं. थांब. टायरांतली हवा त्याने अर्धी काढली होती. मी आधी वेडा म्हटलं, पण रबर दगडाला पायाच्या तळव्यासारखं चिकटत होतं. नाल्याच्या मध्यावर कमरेएवढा धोंडा आहे, त्याला बगल नाही. पुढचं उजवं चाक त्यावर ठेवलं, गाडी तिरकी झाली, मागचं डावं चाक हातभर हवेत लटकलं. चाक गोल फिरत राहिलं नाही. गाडीने इंच इंच अंग उचललं, पोटाखालचा पत्रा दगडावर करकरला, आणि ती पलीकडे गेली.

खाणीचा मुकादम धाकू वर उभा होता. सावंतवाडीकडचा म्हातारा, कुणाचं कौतुक करणारा नव्हे. म्हणाला, "मधुकरा, ही गाडी न्हंय रे, पाल आसा. भिंतीर चढात."

जयवंत खाली उतरला आणि त्याने मला मिठी मारली. घाम, पान, पेट्रोल. मी अंग चोरून उभा राहिलो. पण त्या क्षणी मला वाईट वाटत नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

सोमवार, २२ फेब्रुवारी

कारखान्यात दिवसभर हाताखाली लेथ आणि डोक्यात तो धोंडा.

रविवार, ७ मार्च

लिहून काढतो, मगच जेवायला बसतो.

सकाळी गोठ्यात गेलो. जयवंत नव्हता. पुढची कमान तपासायची होती, पाने शोधायला हौद्यातली गोणपाटं बाजूला केली. खाली ट्रकच्या चाकातल्या ट्यूबा, सहा. वाटलं, जुन्या असतील. एकीवर हात ठेवला तर आत काहीतरी डुचमळलं. तोंडाची दोरी सोडली आणि वास आला — कुजका गूळ, नवसागर. डोळ्यांतून पाणी आलं.

हातभट्टीची दारू. डोंगरात गाळायची, माझ्या गाडीतून खाली आणायची. दगडबिगड काही नाही. पोलिसांची गाडी त्या नाल्यात दहा पावलं चढत नाही. माझी चढते. मीच चढवली.

माणिकताईकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

सूप थांबलं नाही. "काय ठाऊक होतं?"

"गाडी कशाला हवी होती ते."

"पहिल्यांदा दगडच आणायचा होता, मधू. खाणवाल्याने ऐन वेळी दुसऱ्याला काम दिलं. घरी बसून काय करणार होते हे?"

"दुसरं काहीही. भीक मागायची."

तेव्हा तिने वर पाहिलं. "तुझ्या दारात मागितली असती तर घातली असतीस?"

चपला घातल्या आणि निघालो. सहा आठवडे त्या गाडीच्या पोटाखाली निजलो होतो. अंगाची किळस येते आहे.

सोमवार, ८ मार्च

आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर श्यामसुंदर राहतो. गेल्या दिवाळीत कुणीतरी आणलेली बाटली प्याला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हणाला, अजून उजाडलं कसं नाही? पस्तिशीचा माणूस. आता प्रेमा त्याला हाताला धरून नळावर नेते, संडासाच्या दारात उभी राहते, परत आणते. बायका नळावर गप्प होतात तेव्हा समजायचं, ती दोघं आली.

आज जिन्यात भेटला. पावलावरून ओळखलं त्याने. "मधुकर ना? आज लवकर आलास रे." बाजूला झालो.

मंगळवार, ९ मार्च

पत्र लिहिलं. मुलुंडच्या फौजदारांना. डाव्या हाताने लिहिलं, नाव नाही, 'एक नागरिक'. गाडी केव्हा कुठून उतरते ते लिहिलं. ओळखायची खूण म्हणून गाडीचं वर्णन करायला घेतलं — कापलेला बंपर, कमानीतले दोन जादा पाटे, पोटाखालचा पाव इंची पत्रा, जखडलेली मागची चाकं — आणि लिहिता लिहिता पानच भरलं.

पेटीत टाकलं. मन हलकं झालं असं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खरं सांगायचं तर श्यामसुंदरसाठी लिहिलं की जयवंतने मला बनवलं म्हणून लिहिलं, हे मला नक्की सांगता येत नाही. दोन्हीत घाण मिसळलेली आहे.

रविवार, १४ मार्च

मुलुंडला गेलो नाही. वसुधा खूष. तिच्यासाठी बांगड्या घ्यायला गेलो. दुकानात पोलीस दिसला तर पाठ फिरवून उभा राहिलो.

गुरुवार, १८ मार्च

होळीचे दिवस. भट्ट्या जोरात असणार. अजून काहीच घडलेलं नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचून कुणाच्या तरी खणात पडलं असेल. वीट आला आहे सगळ्यांचा. पोलिसांचा, दारूवाल्यांचा, वाट बघणाऱ्या माझा.

रविवार, २१ मार्च

दुपारी धाकू मुकादम घरी आला. म्हातारा मुलुंडहून शोधत शोधत. कपड्यांवर दगडाची पांढरी भुकटी, कोपराला फडकं बांधलेलं. वसुधाने पाणी दिलं. तांब्या संपवला आणि बोलला. जसं ऐकलं तसं लिहितो.

काल सकाळी वरच्या खाणीत सुरुंग वेळेआधी उडाला. कडा खचला, पायवाट त्याखाली गेली. वर अकरा माणसं अडकली. त्यांतल्या चौघांना उठता येत नव्हतं. मालन म्हणून एक खडी फोडणारी बाई आहे, तिचा पाय मांडीपासून चिरडलेला. झोळीत घालून न्यायला वाटच उरली नव्हती. फक्त नाला.

जयवंत त्या वेळी खाली, पायथ्याशी होता. गाडी भरलेली. आणि दहा हातांवर झाडाआड फौजदार चार शिपायांसह दबा धरून बसलेले. दोन दिवस रोज येत होते म्हणे.

"वरसून माणसां बोंबलताना आयकलान," धाकू म्हणाला, "आणि गाडीचो मागचो फळको पाडलान. सगळ्या ट्यूबी भर रस्त्यार फेकून दिलान. पोलीस पुढ्यात येवन उभे. तेंका जयवंत म्हणालो, 'साहेब, माका मगे धरा. आदी दोन शिपाय माझ्याबरोबर द्या, माणसां उचलूक.'"

फौजदारांनी दिले.

चार खेपा केल्या. मालनला पहिल्या खेपेत. धाकू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, त्या मोठ्या धोंड्यावरून गाडी उतरली ती हातातली पाण्याची कळशी हिंदकळू नये अशी. सारखा मागे बघून जयवंत तिला सांगत होता, "आता एकदा हलेल हं बाय. आता नाही हलणार." चौथ्या खेपेत पुढचा आस मोडला. तोवर सगळी खाली आली होती. स्टिअरिंगवरून हात काढले आणि ते हात त्याने फौजदारांसमोर धरले.

मालन इस्पितळात आहे. पाय गेला. जीव राहील.

"तुका कळवूक इलंय," धाकू म्हणाला. "गाडी तू केलंस म्हणान."

मंगळवार, २३ मार्च

ताप असल्याचं सांगून कामावर गेलो नाही. ताप नाही. जेवण जात नाही. वसुधाने दोनदा विचारलं. पत्राचं सांगितलं नाही.

गुरुवार, २५ मार्च

माणिकताई आली होती. कोठडीत भेटून सरळ इकडेच. फौजदारांनी पत्र भावोजींच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. कुणी लिहिलं? — ठाऊक नाही. गाडी कुणी बनवून दिली? — मी एकट्याने.

मग ताईला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "कमानीत दोन पाटे जादा आहेत हे गाडीखाली निजलेल्या माणसालाच ठाऊक. पण मला कळलंय ते मधूला कळू देऊ नकोस. त्याला जड जाईल."

ताईने मात्र सांगितलं. चहा न घेता गेली.