कळवणची गाडी द्वारकेला

नाना, आज तुमची कादंबरी पुन्हा हातात घ्यावी लागली. आईनेच घ्यायला लावली. तिला आता अक्षर दिसत नाही, मोठ्याने वाच म्हणाली.

तुम्ही बियाणं विकत तालुके पालथे घालायचात आणि सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहायचात. बायकोला थापा मारून दुसरीकडे रमणारा नवरा आणि त्याची फजिती. 'कळवणला जातो म्हणता, पण कळवत काही नाही,' असं त्याची बायको म्हणते, त्यावर आख्खी गल्ली हसली होती. मी नाही. तुम्ही कळवणला गेलात असं आम्ही घरी समजत होतो, त्याच दिवशी इथे शहरातच, द्वारकेच्या चौकात, एका बाईबरोबर रिक्षात बसताना मी तुम्हाला पाहिलं होतं. दहावीत होते हो मी. आईला कळलं तर घर मोडणार, एवढंच डोक्यात. फोन वाजला तरी दचकायचे.

आणि तुम्ही तर कमालच केलीत, तेच लिहिलंत! आई पोळ्या लाटतेय, तुम्ही वाचून दाखवताय, तुमचा नायक कळवणला म्हणून निघतो आणि द्वारकेला उतरतो. आईचं लाटणं थांबतं.

"अहो, कळवणची गाडी दिंडोरीवरून जाते. हा द्वारकेला कसा?"

मी ताटात डोकं खुपसलं. तुम्ही मान वर केली नाहीत. चुकलंच, बदलतो, म्हणालात. राहू द्या, मजा येते, म्हणत आई हसली, आणि हे झालं की दुसरी लिहा म्हणून मागे लागली. तिला काही समजलं नाही, सुटलो, असं मला वाटलं. कसली खुळी मी!

आज ते पान मी गुपचूप उलटलं.

"गाळू नकोस. पाठ आहे मला ते," आई म्हणाली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना पुस्तकाचं कौतुक. मला ते संपायची धास्ती. लिहीत होते तोवर घरात तरी बसायचे."

एवढी वर्षं मी समजत होते, घाबरणारी मी एकटीच. ती तर तुमच्यापुढे चहा आणि कोरे कागद ठेवत होती, हसत होती, आणि आतून माझ्यापेक्षा जास्त भीत होती.

तुम्ही तर वर गेलात, हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? पत्ता असता तरी माझा धीर झाला नसता. कारण गाळलेलं पान मी तिला शेवटी वाचून दाखवलं, आणि तुमच्या त्या फजितीला मला हसू फुटलं, नाना. आईसमोर.