पन्नास ग्रॅमची फुलं

लातूर,
२० जून २०१९

प्रिय रईसा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. पडू दे. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक करून बसलीस, आणि नांदेडला येऊन तुझ्या दारात उभं राहायची माझी छाती होत नाही. शेजारच्या सुमनबाई तिकडंच बहिणीकडे निघाल्यात, त्यांच्याकडे हे देते आहे. तुझ्याच हातात द्यायचं, मुज्तबाभाईंच्या दुकानात ठेवायचं नाही, असं त्यांना दोनदा बजावलंय. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

परवा मुज्तबाभाईंचा फोन आला होता. तुला चोरून केला, त्यांच्यावर चिडू नकोस. विचारत होते, "आपा, लातूरात पोरींचं कडक हॉस्टेल कोणतं हाय? मोबाईल काढून घेतात, भाईर सोडत न्हाईत, तसलं?" मग त्यांच्याच तोंडून कळलं की अलीझाला तिसऱ्यांदा नीटला बसवायचं ठरलंय, सोमवारी तिला आणून सोडणार, चौथ्या मजल्यावर एकटीची खोली मिळते आहे म्हणून तुम्ही दोघं खूश आहात. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. कालच्या भट्टीत मी मातीच्या फुलांचा सबंध थर वाकडा रचला. रईसा, हे सोमवारचं थांबव. तिला एकटीला कुठंच ठेवू नकोस. हे एवढंच सांगायचं तर चार ओळी पुरल्या असत्या, पण तू "का?" म्हणशील, आणि त्या "का"चं उत्तर न देण्याचा शब्द मी दिलेला आहे. म्हणून लांबचा फेरा घेते आहे.

निकालानंतर तू माझ्या घरून अलीझाचं सामान न्यायला आलीस तो दिवस मी विसरत नाही. तिच्या खोलीत शिरलीस आणि पलंगामागची सबंध भिंत फुलांनी भरलेली पाहिलीस. जास्वंद, करडई, कापसाची पिवळी फुलं, शेवंती, सगळी भाजलेल्या मातीची, दोनशे अकरा. तू हळूच म्हणालीस, "माझ्या पोरीच्या मार्कांची फुलं करून भिंतीला टांगलीस व्हय गं दानी?" शिव्या दिल्या असत्यास तरी सोसलं असतं. मी तोंड उघडलं नाही, आणि अलीझा माझ्याकडे बघत होती, मी काही बोलते की काय या भीतीनं. तुला वाटलं मी खजील होऊन गप्प आहे. खजील होतेच, पण कारण ते नव्हतं.

तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही की मी भिंतींना किती भिते. त्र्याण्णवच्या भूकंपात औशाकडच्या आमच्या गावात आई आणि धाकटा भाऊ दगडमातीच्या भिंतीखाली गेले. मी आजोबांबरोबर अंगणात भट्टीपाशी झोपले होते म्हणून उरले. व्यंकटीमामानं मला अहमदपूरला आणलं तेव्हा बारा वर्षांची घोडी मी, पण छपराखाली पाऊल टाकायला तयार नव्हते. मामा समजावून थकले, मामी रडून थकली. मग पलीकडच्या घरातून तुझ्या अम्मीनं, बेगमबीखालांनी, तुझी बाज आमच्या अंगणात माझ्या बाजेला लावून दिली. थंडी अशी की बादलीतल्या पाण्याला हात लाववत नव्हता, आणि तू फेब्रुवारीपर्यंत माझ्या शेजारी झोपलीस. एकदाही विचारलं नाहीस की काय झालं, कसं झालं. नुसती शाळेतल्या बाईंच्या चहाड्या सांगायचीस. मी आत झोपायला लागले ती तुझ्यामुळं, पुढं लग्न करून पक्क्या घरात राहिले तीही तुझ्यामुळं.

तरी माझ्या घरातल्या भिंती बोडक्याच राहिल्या. कॅलेंडरसुद्धा टेबलावर उभं करून ठेवायचे. धंदा बघावा तर भिंतीवर लावायच्या फुलांचा! डॉक्टरांच्या वेटिंग रूम, नव्या फ्लॅटांचे हॉल, कोचिंगवाल्यांची ऑफिसं, सगळीकडे माझी फुलं आणि माझ्या घरात एक खिळा नाही. ह्यांनी कधी विचारलं नाही, ह्यांना माहीत होतं. अलीझा कोचिंगसाठी माझ्याकडे राहायला आली आणि आठ दिवसांत तिनं विचारलं, "मावशी, अख्ख्या लातूरच्या भिंती सजवता, तुमचीच का नंगी?" मी खरं ते सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, डोक्यावर पडलं तरी टेंगूळ येणार नाही असं फूल किती ग्रॅमचं असेल ते आपण ठरवू. मग ही पोरगी पलंगावर आडवी झाली आणि मी वीतभर उंचीवरून तिच्या कपाळावर एकेक फूल सोडत बसले. वेडेपणा नुसता. दोघी हसून हसून रडकुंडीला आलो. पन्नास ग्रॅमवर एकमत झालं. त्याहून जड फूल आमच्या भिंतीवर चढायचं नाही, असा कायदाच झाला. पहिला खिळा तिनं ठोकला तेव्हा मी अंगणात जाऊन उभी राहिले होते.

तुला वाटतं तसं ती अभ्यास सोडून माझ्याकडे बसत नव्हती. पहिल्या वर्षी तर रविवारी तासभर, तेवढंच. तेही बॉटनी बोलत बोलत. जास्वंद आणि कापूस एकाच कुळातले, दोघांचे पुंकेसर जोडून नळी होते, हे मला तिनं शिकवलं, आणि जन्मभर जास्वंद करणारी मी त्या दिवसापासून पुंकेसर बरोबर करायला लागले. बॉटनीत तिचे मार्क कधी गेले नाहीत, तूच बघ काढून. जायचे ते फिजिक्समध्ये. क्लासमध्ये दर रविवारी परीक्षा, दर मंगळवारी फळ्यावर नंबर, आणि नंबराप्रमाणं बसायची जागा. ती पहिल्या बाकावरून मागं मागं सरकत गेली. तुझा फोन आला की म्हणायची, "हाव अम्मी, चांगलं चाललंय." फोन ठेवला की जेवायची नाही.

दिवाळीत ती आजोळहून येताना अहमदपूरच्या तळ्याची माती घेऊन आली, मामा मडकी घडवायचे त्याच मातीची फुलं करायची म्हणून. मी नको म्हणायला हवं होतं. त्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, मला ठाऊक होतं, पण तिची हौस मोडवेना, आणि चाळणी मारली तेवढी पुरे असं वाटलं. फुलं भट्टीतून इतकी सुरेख निघाली की तिनं तुला फोटो पाठवला होता, आठवतंय का? आठ-दहा दिवसांनी एकेका पाकळीचा टवका उडायला लागला. खडा आतच भाजला जातो, मग हवेतला ओलावा धरून फुगतो आणि आतून पाकळी फोडतो. मामा असते तर म्हणाले असते, भट्टीतनं काढल्या काढल्या पाण्यात बुडवायचं, मग चुना जागच्या जागी निवतो. मी ते विसरले. तिनं फुटलेली बत्तीस फुलं मोजून एका टोपलीत भरली आणि मला म्हणाली, "मावशी, भाईरून तर काहीच दिसत नव्हतं." मी म्हटलं, पुढच्या वेळी बुडवू. एवढंच म्हटलं. कसली शहाणी मी!

आता ती गोष्ट. जानेवारीतला मंगळवार, दुपारचे तीन. हे कामावर होते. टाकीच्या सावलीत वाळत घातलेल्या पाकळ्या आणायला मी गच्चीवर गेले. अलीझा कठड्यावर बसली होती, पाय बाहेर सोडून. वारा खायला बसलेलं माणूस कसं बसतं ते मला कळतं, रईसा. ती तशी बसली नव्हती. चपला तिनं आत जोडीनं काढून ठेवल्या होत्या. हाक मारली आणि दचकली तर? मी खाली बसून पाकळ्या गोळा करायला लागले आणि रोजच्याच आवाजात म्हटलं, "अलीझा, जरा हात लाव गं, उन्हानं तडकतील." किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती वळली, आत उतरली, आणि माझ्यासमोर उकिडवी बसून एकेक पाकळी सुपात ठेवायला लागली. शेवटची पाकळी ठेवून झाल्यावर मी तिचं मनगट धरलं, ते दिवेलागणीपर्यंत सोडलं नाही. ती रडत रडत एकच सांगत होती, "अम्मीला नका सांगू. अम्मी मरून जाईल." मामाचं जुनं चाक माझ्या घरात आहे. आमच्या घरात चाकावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत, हे मीच तिला कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. तिनं मला त्या चाकापाशी नेलं. मी हात ठेवला.

त्या दिवसापासून गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि रोज संध्याकाळी दोन तास ती माझ्यासमोर मातीत हात घालून. हात मातीत असले की ती बोलायची, आणि मला कळायचं की आजचा दिवस गेला. तुला दिसलेली ती भिंत म्हणजे जानेवारी ते मे, रोजची एक-दोन फुलं. तू म्हणालीस मार्कांची फुलं. असतील. ती झाली नसती तर काय झालं असतं, ते मला तुला त्या खोलीत सांगता आलं नाही.

आणि शब्दाच्या आड मी लपले, हेही लिहून टाकते, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. त्याच आठवड्यात तुला सांगायला हवं होतं. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. शब्द तर होताच, पण मला माहीत होतं की सांगितलं की तू दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन जाशील. मला मूल नाही, रईसा. सकाळी "मावशी, चहा" अशी हाक येणाऱ्या घराची मला सवय लागली होती. मी तुझ्या लेकीचा जीव माझ्या कमरेच्या किल्लीवर ठेवला आणि त्याला माया म्हणत राहिले. माझ्या हातून काही वाकडं झालं असतं तर तुला तोंड दाखवायची जागा मला उरली नसती. तू मला त्या दिवशी जे बोललीस त्यापेक्षा जास्त बोलायला हवं होतंस, फक्त वेगळ्या गोष्टीसाठी.

म्हणून आज चाकावरचा शब्द मोडते आहे. चौथा मजला, एकटीची खोली, काढून घेतलेला फोन, हे ऐकल्यावर मला गप्प राहता येत नाही. सोमवारची गाडी रद्द कर. नांदेडात मनाचे चांगले डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे तिला घेऊन जा, मुज्तबाभाईंनाही बरोबर ने, आणि काही दिवस मार्क हा शब्द घरात काढू नका. डॉक्टर व्हायला उभा जन्म पडलाय. हे सगळं मीच फोडलं, असं तिला सांग, माझं नाव झाकू नकोस. ती माझं तोंड बघणार नाही, मला खोटारडी म्हणेल, कदाचित जन्मभर म्हणेल. म्हणू दे. मला शिव्या द्यायला ती असली म्हणजे झालं.

तुझीच,
दानी