फक्त एक सलाम

हिदार महिन्याची १ तारीख, सोमवार
आजपासून भेटेल त्याला एकच सलाम. बास. अदिस अबाबात कामं का होत नाहीत, ते मला कळलंय. कसा आहेस, बरा ना, रात्र कशी गेली, बायको कशी, पोरं कशी, गुरं कशी (शहरात कसली गुरं!). उत्तर ठरलेलं: छान, देवाची कृपा. मग तेच पुन्हा पहिल्यापासून. देश मागे पडतो तो असा.

हिदार २
शेजारचे गाशे (काका) बेयेने सकाळी खांद्याला खांदा भिडवून सलाम करायला पुढे आले. मी लांबूनच सलाम ठोकून सटकलो. म्हातारा तसाच वाकून उभा. बायको, येशिमेबेत, म्हणाली, गेताहुन, माणूस आहेस की मशीन? उत्तर दिलं नाही. वेळ वाचला.

हिदार ५, शुक्रवार
गावाहून धाकट्या भावाचा, अयालनेहचा फोन. दादा कसा आहेस, बरा ना, वहिनी कशी, सुरूच झाला. मध्येच तोडून विचारलं, तिकडे सगळे छान ना? म्हणाला, छान, देवाची कृपा. मग कामाचं बोल, म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाला, काही नाही, सहज केला होता. ठेवला. रेकॉर्ड!
येशिमेबेत चिडली. म्हणे, पहिलं 'छान' तर मरणारासुद्धा म्हणतो, खरं काय ते तिसऱ्या फेरीला बाहेर पडतं. परत लाव फोन, आईंना तरी विचार. मी समजावलं, 'सगळे' म्हटलं की त्यात आई आलीच.

हिदार ८
फोन करणार होतो. पण केला की चौकशीचं गुऱ्हाळ पुन्हा सुरू. रविवारी बघू. थोडी हुरहुर वाटतेय. अॅसिडिटी असावी.

हिदार ११, गुरुवार
माझी पद्धत गल्लीला पटली! कॉफीवाली एतेते (ताई) वुदनेश एरवी 'आई कशी आहे' विचारल्याशिवाय कप हातात देत नाही. आज काहीच विचारलं नाही. नुसती बघत राहिली, साखर मात्र दुप्पट घातली. गाशे बेयेने मला बघून रस्ता ओलांडून गेले. सकाळी गावाहून फोन आला होता, तो येशिमेबेतला. ती बाहेर जाऊन बोलली. काय म्हणत होते, विचारलं, तर म्हणाली, छान आहेत. एवढंच. तीही शिकली! डोळे लाल होते. कांदा चिरला असेल. जेवणात कांदा नव्हता.

हिदार १२
उजाडायच्या आधी दार वाजलं. गाशे बेयेने, गल्लीतले चार म्हातारे, शालींचे काठ दुखवट्याला घेतात तसे गळ्याशी घेतलेले. मागे अयालनेह. आमच्यात अशी बातमी फोनवर देत नाहीत, पहाटे घरी येऊन देतात. हे मला ठाऊक आहे.
मी त्यांना बसवलं आणि विचारायला लागलो. कसे आहात, रात्र कशी गेली, पोरं कशी, गुडघे कसे, गावाकडे पीक कसं. थांबायची भीती वाटत होती. गाशे बेयेने शांतपणे प्रत्येक वेळी म्हणत राहिले, छान, देवाची कृपा. त्यांना कसलीच घाई नव्हती. शेवटी माझेच प्रश्न संपले.
मग अयालनेहने सांगितलं. आई गेली. आठवडाभर माझं नाव घेत होती.
मी ओरडलो, मग त्या दिवशी फोनवर बोलला का नाहीस?
तो म्हणाला, बोलणारच होतो दादा. अजून तुझी चौकशीच चालली होती.