बाबांच्या श्राद्धाला यंदा किम नाही

ती. आईस, वान्दो बेटावरून ओक्बुनचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझा खोकला कसा आहे?

बाबांच्या श्राद्धासाठी तू आमच्या समुद्री शेवाळाची वाळवलेली किम मागितलीस, पण यंदा पाठवत नाही. रागावू नकोस.

मागच्या महिन्यात किम वाढवायच्या जाळ्यांवर दुसरंच, नको असलेलं हिरवं शेवाळ माजलं. ते मारायला थोरल्या भावजींनी संडास धुवायचं ॲसिड समुद्रात ओतलं. त्या वासानं मला होडीतच उलटी झाली.

काल त्याच जाळ्यांची किम वाळून आली, काळीभोर, चकचकीत. मी जेवताना भावजींना वाढली, तर त्यांनी ताट सरकवलं.

"अगं, ही विकायची! घरची वेगळी ठेवलीय."

मला शिसारी आली. म्हटलं, "लोकांची पोटं म्हणजे गटारं का, भावजी?"

जाऊबाई फणकारल्या, "डोंगरातली पोरगी आम्हाला समुद्र शिकवतेय!"

मामंजी मात्र इतकंच म्हणाले, "आम्ही जाळी उन्हात टांगायचो. हिरवं आपोआप मरायचं."

आजपासून ह्यांनी आमची जाळी वेगळी केली. भावजींनी घरासाठी ठेवलेल्या किमलाही मी हात लावणार नाही. पीक थोडं येईल, पण उपाशी राहणार नाही, काळजी करू नकोस.

बाजारातली किम आणू नकोस गं. बाबांच्या पानावर नुसता भात वाढ. त्यांना चालेल.

तुझी,
ओक्बुन