विंगेतला खोकला

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीला मुलगी झाल्याचं कळलं. आजी झालीस, आता तरी जरा पोक्त हो. मी मात्र इतक्यात यायची नाही. हिवाळाभर खोकला आहे, वजन उतरलंय आणि स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात काहीतरी दिसतंय. डॉक्टरांना क्षयाची शंका आहे. बेडका तपासून निकाल येईपर्यंत तान्ह्या बाळांपासून लांब राहा म्हणाले. मी कपबशी वेगळी केली आहे आणि नाटकाच्या प्रॉम्प्टिंगलाही जात नाही. तालमीची मंडळी दारातूनच चौकशी करून जातात.

बाळाचा फोटो धाड. माझी काळजी करू नकोस, माया मात्र कर.
तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो धाडला आहे. नाक थेट तुझ्यावर गेलंय, बिचारीला जन्मभर पुरेल. बाकी सगळे येऊन बाळाला बघून गेले, तेवढी तूच राहिलीस. लेक रोज विचारते, मावशी कधी येणार. मी काय सांगू? निकालाचं नीट कळव, "बरी आहे" एवढ्यावर माझी बोळवण करू नकोस.

रागावले आहे, तरी तुझीच,
धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हसशील, पण ऐक. तपासायला दिलेले बेडक्याचे दोन्ही नमुने वाया गेले. डॉक्टरांनी विचारलं, बेडका काढला कसा? मी सांगितलं, दार लावून, नळ सोडून, अगदी हळूच. त्यांनी कपाळाला हात लावला. डब्यांत नुसती लाळ होती! सारा जन्म विंगेतून नटांना वाक्यं पुरवण्यात गेला गं. प्रयोग चालू असताना खोकला आला की गिळायचा, हे अंगात इतकं मुरलंय की खोका म्हटलं तरी खोकता येईना. शेवटी नर्सने खाऱ्या पाण्याची वाफ दिली आणि समोर बसून राहिली, तेव्हा कुठे एक खरा नमुना निघाला. आता असाच आणखी एक द्यायचा, मग प्रयोगशाळेत त्यातला जंतू वाढायला कित्येक आठवडे. तोवर बाळ कुशीवर वळायला लागेल. याचंच रडू येतं.

तुझी ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धन्य आहेस! आयुष्यभर लोकांना बोलतं केलंस आणि स्वतःला खोकायची चोरी? इथे कुठला पडदा वर गेलाय? घर डोक्यावर घे. शेजारी कुरकुरले तर माझा पत्ता दे, मी बघते त्यांच्याकडे.

तुझ्या निकालाकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी

१८ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

क्षय नाही! या वेळी दोन्ही नमुन्यांत जंतू वाढला, पण तो क्षयाचा चुलतभाऊ निघाला. माती-पाण्यात, नळातसुद्धा असतो म्हणे. क्वचितच कुणाच्या फुप्फुसात ठाण मांडतो, त्यात माझा नंबर लागला. तीन औषधं, वर्षाहून जास्त, आणि पूर्ण जाईल असा शब्द डॉक्टर देत नाहीत. ते मी सोसेन. पण माझा हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, बाळाला खुशाल मांडीवर घ्या, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

शनिवारी सकाळी पोचते. खरं सांगू? बाळाची ओढ आहेच, पण हिवाळ्यापासून हातमोजे घातलेल्या नर्सशिवाय मला कुणी हात लावलेला नाही. दार उघडलंस की आधी तू मला जवळ घे, मग बाळ दे.

तुझी ताई